कोटातले काम आणि कोटाची जागा

तंजावरच्या पूर्व वेशीला, कीळवासलपाशी, एका उंचवट्यावर एक तोफ आहे. लांबी साडेसात मीटर, वजन 22 टनांच्या घरात. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, रघुनाथ नायकाच्या कारकिर्दीत ती तयार झाली असे मानतात. ही तोफ ओतीव नाही, घडीव आहे. लोखंडाच्या लांब पट्ट्या कडेला कडा लावून मांडल्या, त्यांवर तापवून लाल केलेली कडी एकामागून एक चढवली आणि घणाने ठोकून सगळे एकजीव केले. एवढे लोखंड जोडायला किती भट्ट्या, किती भाते, किती गाड्या कोळसा आणि एका तालात घण घालणारे किती हात लागले असतील, याचा हिशेब एखादा जुना लोहारच करू जाणे. पर्यटक तिथे फोटो काढतात आणि राजवाड्याकडे वळतात. तोफ बघून कुणाला कारखाना आठवत नाही.

मराठी वाचकाच्या मनातले तंजावर आणखी वेगळे असते. व्यंकोजीराजांनी 1676च्या आसपास मिळवलेले राज्य, दुसऱ्या सरफोजींचे सरस्वती महाल ग्रंथालय, बृहदीश्वर मंदिराच्या आवारात 1803 साली कोरलेला भोसले कुळाचा मराठी शिलालेख, आणि गप्पा रंगल्याच तर सांबाराची जन्मकथा. हे सगळे राजवाड्याचे तंजावर झाले. राजवाड्याभोवती कोट होता, कोटाभोवती खंदक होता, कोटाच्या आत चार मुख्य रस्ते होते आणि त्या रस्त्यांमागच्या गल्ल्यांत राजवाड्याला आणि देवळांना लागणारी प्रत्येक वस्तू तयार करणारी माणसे राहत होती. विणकर, कासार, सोनार, सुतार, चितारी, वाद्ये घडवणारे. या माणसांचे तंजावर आज उतरणीला लागले आहे. ते सावरायचे कसे, हा या प्रस्तावनेचा विषय आहे.

'औद्योगिक भाग' म्हटले की आपल्याला चिमण्या, भोंगे आणि पत्र्याच्या शेड दिसतात. तंजावरात त्यांतले फारसे काही नाही. पण अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी 1890मध्ये औद्योगिक भागाची जी ओळख करून दिली, तिच्यात चिमणीला महत्त्व नव्हते. शेफिल्डच्या सुऱ्याकात्र्या किंवा लँकेशरचे कापड का टिकते, तर एकाच धंद्याची माणसे एकमेकांच्या शेजारी राहतात, एकाचे काम दुसऱ्याच्या दारात पुरे होते आणि शिकण्यासाठी पोराला शाळेत घालावे लागत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. या मापाने मोजले तर तंजावरचा कोट पक्का औद्योगिक भाग ठरतो.

वीणेचेच घ्या. तंजावर वीणेला 2013मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हा मान मिळवणारे ते भारतातले पहिले वाद्य. लाकूड फणसाचे. कुडम म्हणजे भोपळ्याच्या जागेचा गोल, दांडी आणि टोकाला याळी या कल्पित प्राण्याचे मुख असे तीन भाग वेगवेगळे कोरून जोडतात. हे तिन्ही एकाच ओंडक्यातून कोरून काढले तर ती एकांड वीणा. तिची किंमत आणि तिचा रुबाब दोन्ही वेगळे. कोरीव काम झाले की काळ्या मेणाच्या थरावर 24 पडदे बसवायचे. हे काम कानाचे आहे, हाताचे नंतर. कोरणारा एक, पडदे बसवून सूर जुळवणारा दुसरा, नक्षी करणारा तिसरा, अशी वाटणी असते आणि ही माणसे हाकेच्या अंतरावर असली तरच वाद्य वेळेत आणि सुरात बाहेर पडते. एकाला उचलून पाच कोसांवर नेऊन ठेवले की बाकीच्या दोघांचेही काम अडते.

तंजावरच्या ताटाचीही हीच गत. पितळेचे ताट, त्यावर तांब्याचा पत्रा, त्यावर चांदीचा उठाव, आत लाखेचे भरण. तीन धातू आणि तीन हात. तंजावर चित्रात फळीवर कापड ताणतात, खडूची भुकटी आणि डिंक यांनी उठाव देतात, रंगीत खडे बसवतात आणि सोन्याचा वर्ख चढवतात. डोके हलवणाऱ्या बाहुल्या नवरात्रापूर्वी पुन्नैनल्लूरच्या बाजूला उन्हात वाळत असतात. आणि नेट्टीचे काम म्हणजे आपल्याकडे ज्याची बाशिंगे होतात त्या भेंडाचे काम. फरक एवढाच की तिथे त्यातून बृहदीश्वराचे अख्खे देऊळ उभे करतात. या सगळ्यांना मानांकने मिळाली आहेत. एका मध्यम शहराच्या नावावर एवढी मानांकने असणे ही साधी गोष्ट नाही. तरीही मानांकनाने काय मिळते हे नीट पाहायला हवे. कायदा वस्तूचे नाव राखतो, गल्ली राखत नाही. वीणा कोटातून उठून जिल्ह्यातल्या कुठल्याही शेडमध्ये गेली तरी कागदावर ती तंजावर वीणाच राहते.

उतरणीची सुरुवात मात्र खूप जुनी आहे. राजवाडा हा इथल्या धंद्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक होता. ईस्ट इंडिया कंपनीशी झालेल्या 1799च्या तहाने सरफोजींच्या हातून राज्यकारभार गेला आणि त्यांच्याकडे कोट व आसपासचा भाग उरला. राज्य गेलेल्या या राजाने आपली सगळी हौस आणि पैसा ग्रंथ, शाळा, वैद्यक, छापखाना, चित्रे आणि संगीत यांत घातला. इतिहासकार त्याला विद्याव्यासंग म्हणतात आणि ते खरेच आहे. पण गल्लीतून पाहिले तर तो वर्षानुवर्षे चाललेला रोजगार होता. 1855मध्ये त्यांचे पुत्र शिवाजी औरस पुत्र न ठेवता वारले. कंपनीने गादी खालसा केली आणि त्याबरोबर खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. शस्त्रागारातली नामी हत्यारे पुढच्या दशकात निवडून संग्रहालयाला गेली आणि उरलेली मोडीच्या भावाने तोडली गेली. ज्या गावाने घडीव तोफ उभी केली, त्याच गावाचे पोलाद भंगारात निघाले.

मालमत्तेचा पुढचा अध्याय तर नगररचनेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. थोरल्या राणीसाहेब कामाक्षीबाई कंपनीविरुद्ध कोर्टात गेल्या. मद्रासच्या सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो 1859मध्ये फिरवला: सत्तेने सार्वभौम म्हणून केलेल्या कृत्याची चौकशी कोर्टाला करता येणार नाही, असे ते म्हणाले. भारतातल्या आणि जगातल्या वकिलांना हा खटला आजही शिकवतात. नंतर 1862मध्ये सरकारने मेहेरबानी म्हणून जमीनजुमला राण्यांना परत दिला. मग वारसांत वाटण्या, दावे, अपिले. कोटातली जागा कुणाची, या प्रश्नाला तेव्हापासून सरळ उत्तर मिळालेले नाही. बृहदीश्वर केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे, राजवाड्याचा काही भाग राज्याच्या खात्याकडे, काही ग्रंथालयाकडे, काही कुटुंबाकडे, 88 देवळे राजवाडा देवस्थानाकडे आणि रस्ते व खंदक सरकार आणि महापालिकेकडे. एखादी भिंत पडली तर तिची तक्रार कुठल्या टेबलावर द्यायची, इथूनच अडचणीला सुरुवात होते.

शहराने पाठ फिरवली ती नंतर. 1861मध्ये नागपट्टणहून आगगाडी आली आणि गिरणीचे कापड घेऊन आली. नंतर शहर कोटाच्या दक्षिणेकडे वाढले: स्टेशन, वैद्यकीय महाविद्यालय, नवा बसस्टँड, 1981चे तमिळ विद्यापीठ. आजूबाजूचा जिल्हा कावेरीच्या पाटपाण्याचा, भाताचा. इथे मोठे कारखाने आले नाहीत आणि आता येण्याची शक्यताही कमी आहे, कारण तमिळनाडूने 2020मध्ये त्रिभुज प्रदेशाला संरक्षित कृषी क्षेत्र ठरवून तेल-वायू उत्खनन, धातू वितळवणे, कातडी कमावणे अशा उद्योगांना बंदी केली. शेतीच्या दृष्टीने निर्णय योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असाही होतो की शेतीबाहेरचे, शहरात बसून करायचे, पिढीजात कौशल्याचे जे काम तंजावरपाशी आहे, ते याच गल्ल्यांतले आहे.

काम उठून गेले की गावाचे काय होते, हे जुन्या तंजावर जिल्ह्यालाच माहीत आहे. नागपट्टणला साउथ इंडियन रेल्वेचे वर्कशॉप होते. 1920च्या दशकाच्या अखेरीस ते तिरुचिरापल्लीजवळच्या गोल्डन रॉकला, म्हणजे पोन्मलैला हलवले. 1928चा मोठा रेल्वे संप याच काळातला. पोन्मलैला आजही वर्कशॉप आहे, वसाहत आहे, कामगारांची आठवण आहे. नागपट्टणकडे बंदर उरले आणि तेही मंदावत गेले.

जून 2015मध्ये केंद्राने शंभर शहरांसाठी स्मार्ट सिटी योजना जाहीर केली आणि सप्टेंबर 2016च्या यादीत मदुरै, सेलम, वेल्लोर यांच्याबरोबर तंजावरचे नाव आले. नगरपालिका 1866ची असली तरी महापालिका होऊन शहराला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. 2011च्या जनगणनेत लोकसंख्या 2,22,943. अशा शहरासाठी केंद्राकडून पाच वर्षांत 500 कोटी आणि तेवढाच वाटा राज्य व स्थानिक संस्थेचा, ही रक्कम डोळे दिपवणारीच होती. त्यासाठी स्वतंत्र कंपनी काढली गेली आणि कामाचा भर जुन्या गावावर ठेवला गेला. जुना बसस्टँड पाडून नवा बांधला. कीळवासलचे सरफोजी मार्केट आणि कामराज मार्केट नव्याने उभारले. घड्याळाचा मनोरा दुरुस्त झाला, बागा झाल्या, रस्त्यांखाली गटारे आणि केबल गेल्या.

यांतल्या एका कामाला मनापासून दाद द्यायला हवी. शहराच्या पश्चिमेला शेवप्पनायकन तलाव, तिथून पाणी शिवगंगा तळ्यात, आणि शिवगंगेतून जमिनीखालच्या मातीच्या नळांनी कोटातल्या तळ्यांना आणि विहिरींना, अशी जुनी व्यवस्था होती. नायक राजांनी ती उभारली, मराठ्यांनी सांभाळली आणि गावाने तिला जलसूत्र म्हटले. अय्यन कुळम आणि सामंतन कुळम ही तळी साफ करताना ही जोडणी पुन्हा शोधण्याचा प्रयत्न झाला. तळ्याचा काठ रंगवून थांबता आले असते. इथे पाणी कुठून येत होते हे आधी विचारले गेले. याच दृष्टीने गल्लीकडे पाहिले असते तर काम कुठून येते, कुठे जाते, मधे कुणाच्या हातून जाते हेही कुणी विचारले असते. ते विचारल्याचे मात्र दिसत नाही. निविदेत फरशीचा चौरस मीटर मोजता येतो. वीणेच्या दांडीला मेण लावणाऱ्या माणसाची खोली कुठल्या रकान्यात बसवायची?

ही खरी गोम आहे. कोटातला कारागीर जिथे राहतो तिथेच काम करतो. पुढच्या खोलीत लाकडाचा भुसा, मागच्या पडवीत लाखेची कढई, माडीवर वाळत टाकलेल्या फळ्या. नगररचनेच्या नकाशात मात्र रंग दोनच: राहण्याचा एक आणि धंद्याचा दुसरा. घर राहण्याच्या रंगात पडले तर भट्टीचा धूर आणि छिन्नीचा आवाज नियमबाह्य ठरतो. धंद्याच्या रंगात पडले तर वीज, पाणी, कर सगळ्यांचे दर बदलतात. त्यातून बृहदीश्वरासारख्या केंद्र-संरक्षित वास्तूभोवती 2010च्या कायदादुरुस्तीनुसार पहिल्या 100 मीटरमध्ये नवे बांधकाम करता येत नाही आणि पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. मंदिरासाठी हा नियम आवश्यक आहे, त्यावर वाद नको. पण या पट्ट्यात ज्याचे घर गळते आहे, त्याला जुनी भिंत तशीच ठेवून छप्पर बदलण्यासाठीही कागद घेऊन फिरावे लागते. ज्याच्यापाशी वेळ आणि पैसा आहे तो फिरतो. बाकीचे विकून जातात.

खंदकाची कथा आणखी टोचणारी आहे. कोटाच्या तटाला लागून असलेल्या रस्त्यांना आलंगम म्हणतात. तटाची पडझड झाली, खंदक बुजत गेला आणि त्या पट्टीवर शहरातली सर्वांत गरीब घरे उभी राहिली. खंदक पुन्हा पाण्याने भरावा ही कल्पना देखणी आहे. गेल्या काही वर्षांत खंदकाकाठची घरे हटवली गेली आणि तिथल्या कुटुंबांना शहराबाहेर पर्यायी जागा मिळाल्या. कायद्याने ते अतिक्रमण होते हेही खरेच. तरी एवढे लक्षात ठेवायला हवे की बाजारात हमाली करणारी, मार्केटात भाजी विकणारी, कारागिराच्या घरी घासण्या-पुसण्यापासून पॉलिशपर्यंत हाताखालची कामे करणारी माणसे अशाच वस्त्यांत राहतात. त्यांचा रोजचा बसखर्च कुठल्याच प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात धरलेला नसतो.

इथे मराठी वाचकाला गिरणगाव आठवेल, आणि आठवायलाच हवे. मुंबईतल्या 58 गिरण्या, त्यांची सुमारे 600 एकर जमीन आणि 18 जानेवारी 1982ला सुरू झालेला, अडीच लाखांच्या आसपास कामगारांचा संप. संपाने गिरण्या बंद पडल्या असे सरसकट म्हटले जाते, पण मालकांच्या दृष्टीने सुतापेक्षा जमीन महाग झाली होती हे त्याहून मोठे कारण होते. 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58व्या नियमाने एक तोडगा काढला: जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, एक तृतीयांश मालकाला. 1996मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने गिरण्यांच्या जमिनी एकत्र धरून नियोजन करता येईल असे दाखवून दिले. मग 2001मध्ये नियमात दुरुस्ती झाली. वाटणी संपूर्ण जमिनीची न करता फक्त रिकाम्या जागेची करायची, असे ठरले. गिरणी म्हणजे बहुतेक बांधकामच. रिकामे असते ते अंगण. मुंबई उच्च न्यायालयाने 2005मध्ये याविरुद्ध निकाल दिला आणि 7 मार्च 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो उलटवला. दोन ओळींच्या दुरुस्तीने मुंबईची शेकडो एकर मोकळी जागा गेली. ज्युपिटर मिल 2005मध्ये 276 कोटींना विकली गेली होती. फिनिक्समध्ये मॉल झाला. कमला मिलच्या आवारात हॉटेले आली आणि 29 डिसेंबर 2017ला मध्यरात्रीनंतर लागलेल्या तिथल्या आगीत 14 माणसे गेली.

घरांचे काय झाले? गिरणी कामगारांसाठी म्हाडाची पहिली सोडत जून 2012मध्ये निघाली, घरे 6,925. अर्ज करणारे कामगार आणि वारस दीड लाखाच्या आसपास. बारा वर्षांनंतर सरकार त्यांना शेलू आणि वांगणीला घरे घ्या म्हणून सांगत होते. लालबाग-परळमध्ये उभे आयुष्य गेलेल्या माणसाला कर्जतच्या गाडीत बसवायचे आणि त्याला पुनर्वसन म्हणायचे, याला धारिष्ट लागते.

गिरणगावातून आणखी एक धडा घेण्यासारखा आहे आणि तो फारसा घेतला जात नाही. गिरणीत कापड तयार होत असे, पण कामगाराला जेवू घालत होत्या खानावळवाल्या. एका खोलीत चार-पाच माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या, सावकाराच्या व्याजात अडकलेल्या या बायकांना प्रेमा पुरव यांनी 1975मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. गिरण्या बंद झाल्या तेव्हा मस्टरवर नाव असलेल्याला निदान दावा तरी मांडता आला. खानावळवालीचे नाव कुठल्याही मस्टरवर नव्हते. तंजावरच्या कोटात मस्टरच नाही. सगळेच खानावळवालीसारखे.

जर्मनीच्या रूर खोऱ्यात 1989 ते 1999 या दहा वर्षांत जुन्या कोळसा-पोलादाच्या पट्ट्याचे मोठे पुनरुज्जीवन झाले. डुइसबुर्गच्या बंद भट्ट्यांचे उद्यान झाले, एसेनची झोलफेराइन खाण 2001मध्ये जागतिक वारसा ठरली. आपल्याकडच्या परिषदांत त्याच्या स्लाइड हमखास दाखवतात. पण तिथे काम आधी थांबले होते, झोलफेराइनची खाण तर 1986लाच बंद झाली. उरलेल्या इमारतींचे काय करायचे एवढाच प्रश्न होता. तंजावरचा प्रश्न नेमका उलटा आहे. इथे इमारती साध्या, कौलारू, पाडल्या तरी कुणाला हळहळ वाटू नये अशा, आणि आत काम चालू. त्यामुळे रूरचे औषध इथे लागू पडणार नाही.

त्यापेक्षा मिरजेकडे पाहावे. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे लोक. एकोणिसाव्या शतकात पेशवाईनंतर हत्यारांचा धंदा बसला तेव्हा मिरजेच्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये दुरुस्त करायला आणि पुढे घडवायला घेतली. त्यांच्या वंशजांचे नावच सतारमेकर पडले. गल्ली तीच राहिली, धंदा बदलला. पटवर्धन संस्थानिक, किराणा घराण्याचे गवई आणि पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे भोपळे, या तिघांनी ती गल्ली सव्वाशे वर्षांहून अधिक काळ जगवली. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याने धंद्याला घाव घातला आहेच, तरी गल्लीतला माणूस गल्लीत आहे. त्याला कुणी सुशोभित केलेले नाही, आणि कदाचित म्हणूनच.

तंजावरच्या वीणाकारालाही भोपळ्यासारखीच चिंता फणसाची आहे. चांगले जुने लाकूड पनरुट्टीच्या बाजूने येते. झाड फळ द्यायचे थांबले की तोडायचे हा रिवाज, त्यामुळे हवे तेव्हा आणि हव्या त्या घेराचे लाकूड मिळत नाही. चितारीची चिंता सोन्याच्या वर्खाची. वर्खाचा भाव रोज चढतो, गिऱ्हाईक मात्र गेल्या वर्षीच्या किमतीला चित्र मागते. कुठल्याही मोठ्या शहरात चार-आठ दिवसांच्या वर्गात तंजावर चित्र शिकवले जाते आणि स्वस्तातल्या चित्रांनी बाजार भरलेला आहे. आणि कारागिराचा मुलगा इंजिनिअर होतो. यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही; चांगले जगायचा हक्क त्यालाही आहे. मुलाने वडिलांच्या पाटावर बसावे असे ज्यांना वाटते त्यांनी आधी त्या पाटावरची दिवसाची कमाई विचारून पाहावी.

तेव्हा पुनर्विकासाची खरी परीक्षा दर्शनी भिंतींवर होणार नाही. कोटातल्या एका कारागिराला दहा वर्षांनंतरही त्याच खोलीत काम करणे परवडते का, यावर ती होईल. रस्ता सुधारला की भाडे वाढते. भाडे वाढले की पुढच्या खोलीत लॉज किंवा भेटवस्तूंचे दुकान येते, आणि त्या दुकानात विकायला ठेवलेली बाहुली दुसरीकडून येते. गिरणगावात हे एका पिढीत झाले. तंजावरची जमीन मुंबईइतकी महाग नाही, म्हणून तिथे अजून सवड आहे.

या सवडीत करायची कामे फार खर्चाची नाहीत. घर आणि कारखाना एकाच छपराखाली असणे मान्य करणारा वेगळा रंग नकाशात हवा. पुरातत्त्व, देवस्थान, महापालिका आणि राज्य सरकार यांच्यासाठी कोटापुरती एकच खिडकी हवी, नाही तर 1862पासून चाललेला घोळ आणखी शंभर वर्षे चालेल. लाकूड आणि लाख यांचा साठा सहकारी तत्त्वावर ठेवता येईल. जवळच्या तिरुभुवनमच्या रेशीम विणकरांनी 1955पासून सहकारी संस्था चालवून दाखवली आहे. भाडेकरू कारागिराला खोलीवर काही वर्षांची हमी देता येईल. पण या सगळ्याच्या आधी एक मोजणी हवी: कुठल्या दारामागे कोण, काय करतो, कच्चा माल कुठून आणतो, पक्का कुणाला देतो. शंभर शहरांची स्मार्ट सिटी योजना 31 मार्च 2025ला संपली आणि रस्ते, तळी, मार्केटे यांची मोजणी तिच्या अहवालांत सापडते. कामाची मोजणी अजून व्हायची आहे.

ती मोजणी करायला मराठी माणूस मदत करू शकतो, आणि इथे तंजावरशी असलेले आपले नाते अभिमानापलीकडे कामी येते. राजवाड्याचे हिशेब, पगारपत्रके, खर्चाच्या याद्या मोडीत आहेत आणि त्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे सरस्वती महालात आणि तमिळ विद्यापीठात पडून आहेत. विद्यापीठाने त्यांतल्या काहींची तमिळ भाषांतरे छापली. बरेच कागद अजून कुणी उलगडलेले नाहीत. दोनशे वर्षांपूर्वी कोटातल्या कुणाला कशाचे किती दिले जात होते, हे सांगणारा याहून चांगला पुरावा दुसरीकडे मिळणार नाही. महाराष्ट्रात मोडी वाचायचे वर्ग आज जागोजाग चालतात आणि त्यांत उत्साहाने येणारी तरुण मुले बहुधा जमिनीचे जुने उतारे आणि घराण्याच्या सनदा वाचण्यावर थांबतात. त्यांतल्या काहींनी तंजावरची वाट धरावी, सोबत तमिळ जाणणारा एक मित्र घ्यावा, आणि सनदा बाजूला ठेवून आधी पगारपत्रके काढावीत.